जमैकन धाटणीच्या पोर्क रिब्स: आधी मसाला, मग धूर, फळांचा सॉस सगळ्यात शेवटी

या रिब्स घरी करून पाहिलेल्या बहुतेकांची तक्रार ठरलेली असते: बाहेरून काळ्याकुट्ट, आतून चिवट आणि सॉस कडू. पाककृतीतले जिन्नस बहुधा बरोबर असतात. चुकतो तो क्रम. बरगड्यांचे मांस मऊ व्हायला मंद आचेवर तीन-चार तास लागतात, तर आंबा, अननस आणि साखर घातलेला सॉस निखाऱ्यावर काही मिनिटांत करपतो. दोन्ही एकाच वेळी आचेवर ठेवले की एक कच्चे राहते किंवा दुसरे जळते. म्हणून पुढची सगळी कृती एकाच नियमाभोवती रचली आहे: मसाला आदल्या दिवशी, धूर पहिल्या दोन तासांत, मऊपणा त्यानंतर आणि फळ शेवटच्या वीस मिनिटांत.

मसाला जमैकातल्या जर्कचा, म्हणजे तिखट वाटण चोळून मांस धुरावर भाजण्याच्या तिथल्या पद्धतीचा आहे. मूळ जर्कवर फळांच्या सॉसाचा लेप नसतो. तो कॅरिबियन बेटांवरच्या बार्बेक्यूच्या धाटणीने वरून दिला आहे. प्रमाण सुमारे २ किलो रिब्सचे, म्हणजे चार-पाच जणांच्या पोटभर जेवणाचे आहे.

वेळेचे गणित

रविवारी दुपारी पावणेदोनला पाने घ्यायची असतील, तर शनिवारी संध्याकाळी मांस साफ करून वाटण चोळून ठेवावे आणि सॉसही शिजवून घ्यावा. रविवारी सकाळी साडेनऊला कोळसा पेटवावा, दहाला मांस आचेवर जावे, बाराला ते फॉइलमध्ये गुंडाळावे, एक वाजून दहा मिनिटांनी उघडून सॉस लावायला घ्यावा आणि दीडला उतरवावे. पाहुणे आल्यावर घाईने आच वाढवणे हा या पदार्थाचा सगळ्यात मोठा शत्रू असल्यामुळे हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवलेला बरा.

१. मांस निवडणे

रिब्स दोन प्रकारच्या असतात. पाठीच्या कण्यालगतच्या बरगड्या आखूड, कमी चरबीच्या आणि लवकर शिजणाऱ्या असतात. त्यांना बेबी बॅक म्हणतात. पोटाकडच्या स्पेअर रिब्स लांब, चरबीदार आणि चवीला सरस असतात, पण त्यांना दीड-दोन तास जास्त लागतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने बेबी बॅक घ्याव्यात. पुढच्या वेळा त्यांच्याच हिशेबाने दिल्या आहेत.

आपल्याकडे खरी अडचण दुकानात येते. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात पोर्क मागितले की विक्रेता सवयीने हाडासकट तुकडे करून देतो, आणि तुकडे झाले की ही कृती तिथेच संपते. म्हणून 'बरगड्यांची अख्खी पट्टी हवी, मधून तोडू नका' असे सुरा चालायच्या आत सांगावे, जमल्यास आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. हाडांवर निदान बोटभर जाडीचे मांस असावे. हाडे जागोजागी उघडी दिसत असतील तर ती पट्टी घेऊ नये, कारण शिजल्यावर मांस आणखी आक्रसते.

तपासणी: मांस फिकट गुलाबी, चरबी पांढरी आणि वास जवळजवळ नसल्यासारखा हवा. मांस गोठवलेले असेल तर ते फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सावकाश सुटू द्यावे, ओट्यावर ठेवू नये. तसे असेल तर सगळे वेळापत्रक एक दिवस आधी सुरू होते.

२. हाडांवरचा पडदा काढणे

पट्टी उलटी केली की हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा दिसतो. तो शिजून मऊ होत नाही, उलट चामड्यासारखा ताठरतो आणि त्या बाजूने मसाला आत जाऊ देत नाही. घरच्या रिब्स 'दाताला रबरासारख्या' लागतात, त्यामागे बरेचदा हा पडदाच असतो.

टोकाकडच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर बोथट सुरीचे किंवा चमच्याच्या दांड्याचे टोक पडद्याखाली सरकवून हलकेच उचलावे. बोट जाईल एवढी फट झाली की कोरड्या पेपर नॅपकिनने कड घट्ट धरून एका दिशेने ओढावे. पडदा इतका बुळबुळीत असतो की उघड्या चिमटीत तो टिकत नाही. नॅपकिन धरला की मात्र कागदावरचा चिकट पट्टा निघावा तसा सरसर निघून येतो. मध्येच फाटला तर शेजारच्या हाडापासून पुन्हा सुरुवात करावी.

मांस नळाखाली धुऊ नये. धुण्याने स्वच्छता होत नाही, उलट शिंतोडे ओटाभर उडतात. नॅपकिनने टिपून कोरडे करावे. कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी वेगळी ठेवावी.

३. जर्कचे वाटण

लागणारे जिन्नस: पातीचा कांदा ८ काड्या, लसूण ८ पाकळ्या, आले २ इंच, स्कॉच बॉनेट मिरच्या २, ताज्या थाईमच्या १०-१२ काड्या किंवा सुकवलेले थाईम २ चहाचे चमचे, ऑलस्पाइसचे अख्खे दाणे २ टेबलस्पून, मिरे १ चहाचा चमचा, दालचिनी १ इंच, पाव जायफळ, लिंबाचा रस ३ टेबलस्पून, सोया सॉस २ टेबलस्पून, तेल २ टेबलस्पून आणि मीठ १५ ग्रॅम. सोया सॉसमध्ये मीठ असतेच, हे धरूनच मिठाचे वजन दिले आहे. अंदाजाने चिमूट वाढवू नये.

दोन जिनसांबाबत हमखास घोळ होतो. पहिला ऑलस्पाइस. मसाल्याच्या दुकानात त्याला काही ठिकाणी कबाबचिनी म्हणतात आणि त्याच नावाने कंकोळही देतात. कंकोळाच्या दाण्याला बारीक शेपटी असते, ऑलस्पाइसच्या दाण्याला ती नसते आणि तो मिऱ्यापेक्षा थोडा मोठा, तपकिरी असतो. दाणा चुरडून वास घेतला की शंका उरत नाही: लवंग, दालचिनी आणि जायफळ एकदम आल्यासारखे वाटते. जमैकात यालाच पिमेंटो म्हणतात आणि जर्कची चव मुख्यतः याच्यावर उभी असते, त्यामुळे त्याऐवजी गरम मसाला घालून भागवू नये. फार तर लवंग, दालचिनी, जायफळ आणि मिरे स्वतः एकत्र कुटावेत. चव जवळपास जाते, तीच येत नाही.

दुसरी मिरची. स्कॉच बॉनेटचा तिखटपणा साधारण १ ते ३.५ लाख स्कोव्हिल एकके असतो. पण ती केवळ तिखट नसते, तिला जर्दाळूसारखा फळांचा वास असतो. लंडनमध्ये ब्रिक्सटनच्या बाजारात किंवा टोरंटोत एग्लिंटन अव्हेन्यूवरच्या लिटल जमैकात राहणाऱ्या मराठी वाचकांना ती सहज मिळेल. इथे हाबानेरो मिळाली तर तेवढ्याच घ्याव्यात. भूत जोलोकियालाही तसाच फळांचा वास असतो, पण तिचा तिखटपणा १० लाख एककांच्या घरात जातो, म्हणून दोन स्कॉच बॉनेटच्या जागी अर्धी जोलोकिया पुष्कळ झाली. लवंगी मिरचीने जीभ भाजेल, पण तो वास यायचा नाही.

ताजे वा सुकवलेले थाईम अजिबात नसेल तर चिमूटभर ओवा चालतो, कारण दोघांच्या वासात थायमॉल हाच मुख्य घटक आहे. चिमटीपलीकडे गेल्यास मात्र रिब्सना भज्यांचा वास येतो.

ऑलस्पाइस, मिरे आणि दालचिनी कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून, निवल्यावर कुटावी. उरलेले जिन्नस मिक्सरमध्ये जाडसर वाटून त्यात ही पूड आणि किसलेले जायफळ मिसळावे. पाणी घालू नये, पातळ वाटण मांसावर ठरत नाही. हातमोजे घालून दोन्ही बाजूंनी, हाडांच्या मधल्या खाचांतही चोळावे. पट्टी झाकून फ्रिजमध्ये ८ ते १२ तास ठेवावी.

इशारा: या वाटणात कच्चे अननस किंवा पपई घालू नये. अननसातले ब्रोमेलिन आणि पपईतले पपेन मांसातली प्रथिने तोडतात. 'फळांची चव आतपर्यंत मुरावी' या हौसेने एकदा मी अननसाच्या रसात रिब्स रात्रभर ठेवल्या होत्या. सकाळी बोट लावले तर वरचे मांस भिजलेल्या पोह्यांसारखे हाताला आले, आणि भाजल्यावर त्याची चव ओल्या भुशासारखी झाली. मऊ आणि गिळगिळीत यांतला फरक त्या दिवशी नीट कळला.

४. आंबा-अननसाचा सॉस

सॉस आदल्या दिवशी करावा, म्हणजे तो मुरतो आणि दुसऱ्या दिवशी लक्ष फक्त आचेवर राहते.

पिकलेले अननस ३०० ग्रॅम, आंब्याचा गर ३०० ग्रॅम, एक लहान कांदा, लसूण ४ पाकळ्या, आले १ इंच, ब्राउन शुगर ८० ग्रॅम, चिंचेचा दाट कोळ २ टेबलस्पून, व्हिनेगर ८० मिलिलिटर, ऑलस्पाइस पूड अर्धा चहाचा चमचा, थाईमच्या ३ काड्या, मीठ १ चहाचा चमचा, एक अख्खी स्कॉच बॉनेट आणि हवी असल्यास काळी रम ३ टेबलस्पून.

आंबा थोडा आंबटसर हवा. तोतापुरी किंवा पायरी चांगली. हापूसचा नाजूक वास अर्ध्या तासाच्या उकळीत उडून जातो, त्यामुळे तो या कढईत घालणे माझ्या तरी जिवावर येते. डब्यातल्या गरात बहुधा साखर असते. तो वापरल्यास ब्राउन शुगर निम्मी करावी. ब्राउन शुगरऐवजी गूळ चालतो आणि गोव्याकडे मिळणारे माडाचे व्हिनेगर तर इथे अगदी शोभून दिसते.

थोड्या तेलात कांदा, आले आणि लसूण मऊ परतावे. अननसाचे तुकडे घालून निदान १० मिनिटे चांगले उकळू द्यावे. उकळीने ब्रोमेलिन निकामी होते आणि मग ते मांसाला त्रास देत नाही. नंतर रम सोडून बाकी सगळे घालावे. मिरची न चिरता, देठासकट तरंगत ठेवावी. कॅरिबियन स्वयंपाकात मिरचीचा वास हवा पण पूर्ण तिखटपणा नको असेल तेव्हा असेच करतात. ढवळताना ती फुटणार नाही इतके सांभाळावे. मंद आचेवर २०-२५ मिनिटांनी मिरची आणि थाईमच्या काड्या काढून सॉस वाटावा, गाळावा, परत कढईत घालून एक उकळी आणावी आणि आच बंद करून रम मिसळावी.

तपासणी: चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली की सॉस झाला. निवल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून कढईतच जॅमसारखा होऊ देऊ नये. चव मात्र निवल्यावर घ्यावी: आधी आंबट, मग गोड आणि शेवटी तिखट लागली पाहिजे. गोड पुढे आले तर चमचाभर व्हिनेगर वाढवावे.

सॉस दोन वाट्यांत काढावा, एक ब्रशने लावण्यासाठी आणि एक पानात वाढण्यासाठी. कच्च्या मांसाला लागलेले वाटण या सॉसात कधीही मिसळू नये.

५. निखारे आणि धूर

फ्रिजमधून काढलेली पट्टी अर्धा तास बाहेर ठेवावी आणि वाटणाचा जाड थर बोटांनी निपटून काढावा. पातळ लेप राहू द्यावा.

लाकडी कोळसा वापरावा आणि तो कागद किंवा नारळाच्या शेंड्यांनी पेटवावा. रॉकेल शिंपडल्यास त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. कोळशावर करडी राख चढली की सगळे निखारे ग्रिलच्या एका बाजूला ओढावेत. मांस दुसऱ्या, रिकाम्या बाजूला राहील आणि त्याखाली पाण्याची उथळ ताटली ठेवावी. ही दोन बाजूंची मांडणी न करता रिब्स थेट निखाऱ्यांवर ठेवणे हीच पहिल्या परिच्छेदातल्या तक्रारीची सुरुवात आहे.

जमैकात पोर्टलंड परगण्यातल्या बोस्टन बे येथे मांस पिमेंटोच्या ओल्या लाकडांवर ठेवून वर पत्रे झाकतात. आपल्याकडे ते लाकूड नाही. त्याऐवजी ३ टेबलस्पून ऑलस्पाइसचे दाणे आणि ८-१० तमालपत्रे अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून, दोन-तीन वेळा विभागून निखाऱ्यांवर टाकावीत. कोकणातल्या ज्यांच्या बागेत ऑलस्पाइसचे झाड आहे, त्यांनी त्याच्या वाळक्या काटक्या आणि पाने वापरावीत; त्यांच्याइतका नशीबवान कोणी नाही. पेरूचे वाळलेले लाकूडही चालते. कडुनिंब, निलगिरी आणि रंगवलेल्या फळ्या वर्ज्य.

ग्रिलला झाकण नसेल तर मोठे पातेले पालथे घालून कडेला बोटभर फट ठेवावी. त्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नये.

इशारा: कोळशाची शेगडी बंद गॅलरीत किंवा घरात पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्यांच्याकडे उघडी जागा नाही, त्यांनी ओव्हनचाच रस्ता धरावा.

६. मंद आच: पहिले दोन तास

झाकणाखाली तापमान १२० ते १३५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. हाडांची बाजू खाली ठेवावी. हवेची भोके थोडी उघडी ठेवून आच सांभाळावी आणि दर ४०-४५ मिनिटांनी चार-सहा पेटते निखारे वाढवावेत. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर येत असेल तर निखाऱ्यांना हवा कमी पडते आहे आणि तोच धूर मांसावर कडू थर चढवतो.

उत्सुकतेपोटी दर दहा मिनिटांनी झाकण उघडले की प्रत्येक वेळी आच उतरते. निखारे घालायला उघडाल तेव्हाच निम्म्या पाण्यात निम्मे व्हिनेगर मिसळून कोरड्या दिसणाऱ्या जागी शिंपडावे.

दीड-दोन तासांनी मांसाचे तापमान ६५-७० अंशांवर येऊन अडकल्यासारखे होते. पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला थंड करत असते, म्हणून असे होते. इथे घाबरून कोळसा ओतू नये.

तपासणी: नखाने हलके खरवडल्यावर मसाल्याचा थर निघून येत नसेल आणि रंग गडद विटकरी झाला असेल, तरच पुढच्या टप्प्यावर जावे.

७. गुंडाळणे

फॉइलचे दोन थर पसरून त्यावर २ टेबलस्पून अननसाचा उकळलेला रस आणि थोडे व्हिनेगर घालावे, पट्टी मांसाची बाजू खाली करून ठेवावी आणि हवा राहणार नाही असे घट्ट गुंडाळावे. फॉइल हाडाच्या टोकाने फाटते, तेवढे पाहावे. त्याच आचेवर एक तास ते सव्वा तास ठेवावे. या काळात हाडांभोवतीचे कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि चिवटपणा जातो.

पोर्क ६३ अंशांना पोहोचून तीन मिनिटे थांबले की खायला सुरक्षित मानले जाते, पण त्या तापमानाला रिब्स चामट असतात. मऊपणासाठी ९० ते ९५ अंश लागतात. तापमापकाची सुई दोन हाडांच्या मधल्या मांसात घालावी. हाडाला टेकली तर आकडा फसवतो.

तापमापक नसल्यास पट्टी चिमट्याने एका टोकाशी, तिसऱ्या हाडापर्यंत धरून उचलावी. ती कमानीसारखी वाकून वरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या तर झाले. काठीसारखी ताठ राहिली तर पुन्हा गुंडाळून वीस मिनिटे द्यावीत. हाडांची टोके अर्धा ते एक सेंटिमीटर उघडी पडलेली दिसतात, तीही चांगली खूण आहे.

कुकरचा मोह इथे अनेकांना होतो. तीन शिट्ट्यांत रिब्स मऊ होतात हे खरे, पण मसाला आणि रस पाण्यात उतरतो, आणि हाडावरून गळून पडणाऱ्या त्या मांसाला सॉस लावायला आधारच उरत नाही. निघालेल्या पाण्याचा रस्सा छान होतो एवढेच.

ओव्हनमध्ये करायचे असल्यास

पाचवा टप्पा निखाऱ्यांविना, म्हणजे फक्त वाटण निपटण्यापुरता. मग पट्टी सुरुवातीपासूनच फॉइलमध्ये गुंडाळून १४० अंशांवर सव्वादोन ते अडीच तास ठेवावी आणि वाकवून पाहावी. ओटीजीत अख्खी पट्टी मावत नाही, म्हणून ती मधोमध दोन हाडांमधून कापावी आणि खालच्या खणात ठेवावी. वरची कॉइल फार जवळ असते. धुराची उणीव भरून काढण्यासाठी सॉसात पाव चमचा स्मोक्ड पाप्रिका घालता येते.

८. सॉस लावणे: शेवटची वीस मिनिटे

फॉइल वाफेपासून हात सांभाळून उघडावे. आत साचलेला रस टाकू नये, दोन चमचे सॉसात मिसळावा. पट्टी मांसाची बाजू वर करून पुन्हा निखाऱ्यांपासून दूर ठेवावी आणि पाच मिनिटे पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा, कारण ओल्या मांसावरून सॉस ओघळून जातो.

मग सॉसाचा पातळ हात द्यावा आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. असे तीन हात द्यावेत. एकच जाड थर दिला तर तो वरून करपतो आणि खालून कच्च्या रसासारखा पातळ राहतो. प्रत्येक हातानंतर बोट टेकवून पाहावे: सॉस बोटाला लागून आला तर थांबावे, नुसता चिकटून सुटला तर पुढचा हात द्यावा. तिसऱ्या हातानंतर पट्टी अर्धा-एक मिनिट थेट निखाऱ्यांवर धरावी, म्हणजे कडांना काळसर ठिपके येतात. ओव्हनमध्ये हेच काम २२० अंशांवर किंवा ग्रिल मोडवर होते.

इशारा: या वीस मिनिटांत जागा सोडू नये. फोन घ्यायला आत गेलेल्या माणसाच्या रिब्स करपलेल्या मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिल्या आहेत, आणि त्यातला एक माणूस मी स्वतः होतो.

९. विसावा, कापणे आणि वाढणे

उतरवल्यावर फॉइल सैलसर झाकून दहा मिनिटे ठेवावे. नंतर पट्टी उलटी करून हाडांची बाजू वर घ्यावी. त्या बाजूने हाडांच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि सुरी बरोबर मधून जाते. सॉसाच्या बाजूने कापायला गेल्यास सुरी हाडावर आदळते आणि लेप फाटतो.

जमैकात जर्क पोर्कबरोबर फेस्टिव्हल नावाचे मक्याच्या पिठाचे गोडसर तळलेले लांबट गोळे किंवा निखाऱ्यांत भाजलेले ब्रेडफ्रूट असते. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला आणि गोव्यातला नीरफणस. देठ काढून तो अख्खा निखाऱ्यांवर ठेवावा, साल सगळीकडून काळी होईपर्यंत तासभर फिरवत राहावा, सोलून फोडी कराव्यात आणि वर लोणी घालावे. रिब्स गुंडाळल्यावर निखाऱ्यांची बाजू मोकळीच असते. नीरफणस तिथे बरोबर त्या वेळेत होतो.

उरलेल्या रिब्स दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गरम करताना चमचाभर पाणी घालून फॉइलमध्ये १३० अंशांवर वीस मिनिटे ठेवाव्यात आणि सॉसाचा ताजा हात उघडल्यावरच द्यावा.